दूरच्या दप्तराची राखण

सोलापूर-धुळें राजमार्गावर, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यांत, तेरखेडा नांवाचें गांव आहे. फटाक्यांच्या कारखान्यांमुळें या गांवाचें नांव मराठवाड्याबाहेरही ऐकूं येतें. तथापि कारखाने कितीही असले तरी गांवाचा मूळ पिंड शेतकऱ्याचाच. येथील कुटुंबाची खरी मिळकत म्हणजे काळी जमीन, आणि त्या जमिनीचा पुरावा म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. मुलीचें लग्न असो, सोसायटीचें कर्ज असो वा भावाभावांची वाटणी असो, सातबारा हातीं असल्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं.

हा सातबारा एके काळीं तलाठ्याच्या दप्तरांत, रुमालांत बांधलेला असे. आज तो तेथें नाहीं. ज्या कागदाला शेतकरी आपला सातबारा म्हणतो, तो दूरच्या एका शहरांतील सर्व्हर नांवाच्या यंत्रांत सांठविलेल्या नोंदींची केवळ छाया आहे. मूळ वस्तु तिकडे, छाया इकडे. दप्तर गांवांतून उठून गेलें. मग त्याची राखण कोणी करावयाची, आणि कशी? हा प्रश्न एकट्या तेरखेड्याचा नाहीं. बँकेचें खातें, विजेचें बिल, मुलांचे गुणपत्रक, रुग्णाचा अहवाल, सगळेंच दप्तर असें दूर गेलें आहे. म्हणून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींही या प्रश्नाचा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

जुनें दप्तर निर्दोष होतें असें मात्र कोणीं समजूं नये. त्याला वाळवी लागे, पावसाळ्यांत शाई फुटे. निजामी अमदानींत या भागाचें सरकारी दप्तर उर्दूंत असल्यामुळें शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. एका नकलेसाठीं चार हेलपाटे घालावेत, तलाठी गांवीं नसावा, आणि असला तरी हात ओले केल्याशिवाय त्याची लेखणी चालूं नये, हा अनुभव पिढ्यान् पिढ्या लोकांनीं घेतला. परंतु त्या दप्तराला एक संरक्षण आपोआप लाभलें होतें. तें एका जागीं होतें. ज्याला खोटी नोंद घुसडावयाची असेल त्याला गांवांत यावें लागे, कुलूप उघडून घ्यावें लागे, अक्षर आणि शाई जुळवावी लागे. खाडाखोड केली तर ती डोळ्यांना दिसे. आणि त्यानें कितीही धाडस केलें तरी एका सजाचें दप्तर बिघडे. शेजारच्या सजाचें तसेंच सुरक्षित राही.

संगणक आला तो दोन पावलांनीं आला. पहिल्या पावलांत प्रोग्रॅम आणि माहिती हीं दोन्हीं त्या त्या कचेरींतील यंत्रांतच असत. तबकडीवरून प्रोग्रॅम यंत्रांत उतरवावयाचा आणि तेथेंच काम करावयाचें. त्या काळांतील मुख्य भय म्हणजे व्हायरस. तो फ्लॉपीवरून एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत जाई, जशी एखादी सांथ पाहुण्याबरोबर गांवांत येते. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचें पुण्यांत यंत्रदुरुस्तीचें दुकान होतें. दुरुस्तीस येणारीं यंत्रें व्हायरसनें पछाडलेलीं दिसूं लागलीं, तेव्हां त्यांचे बंधु संजय यांनीं त्यावर उपाय करणारा प्रोग्रॅम लिहिला. आणि १९९५ च्या सुमारास बाजारांत आलेल्या त्या प्रोग्रॅममधून पुढें क्विक हील हा उद्योग उभा राहिला. त्या काळीं रोग यंत्रागणिक होता आणि औषधही यंत्रागणिक होतें.

दुसरें पाऊल वेबचें. १९८९ सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत तिची कल्पना मांडली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. प्रथम वेबवर केवळ वाचावयाचीं पानें होतीं. पुढें त्या पानांतूनच काम करतां येऊं लागलें. २००४ सालीं जीमेल निघालें आणि पत्रव्यवहाराचें सगळें बाड घरच्या यंत्रांत न राहतां दूरच्या सर्व्हरवर राहूं लागलें. त्यानंतर हिशेब, लेखन, बँकव्यवहार, आरक्षण, कर भरणें, एकामागून एक सर्व कामें त्याच वाटेनें गेलीं. घरांतील यंत्र किंवा मोबाइल आतां कपाट राहिला नाहीं. तो झरोका झाला. ब्राउझर नांवाच्या त्या झरोक्यांतून माणूस दूरच्या कचेरीच्या फडताळाकडे पाहतो, मागणी करतो, आणि तेथील यंत्र त्याला उत्तर देतें.

महाराष्ट्राच्या महसूल खात्यानेंही हीच वाट धरली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला आणि पुढें पंधरा रुपये भरून तो कोणालाही कोठूनही काढतां येऊं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बांधावर उभें राहून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करूं लागला. फेरफाराची नोंदही ऑनलाइन झाली. या सोयीचें मोल लहान मानूं नये. पुण्यास नोकरीला असलेल्या मुलाला वडिलांच्या जमिनीचा उतारा पाहण्यासाठीं आतां रजा काढावी लागत नाहीं. प्रोग्रॅममध्यें चूक सांपडली तर ती एका ठिकाणीं सुधारली कीं सर्व तालुक्यांत सुधारते. वाळवीचें भय गेलें, आणि तलाठ्याच्या लहरीचेंही पुष्कळसें गेलें. तलाठ्याचें नांवही आतां ग्राम महसूल अधिकारी असें झालें आहे.

मग भय कशाचें? तें नीट समजून घ्यावयाचें तर त्याचे तीन भाग करावे लागतील.

पहिला भाग दाराचा. गांवच्या दप्तराचें दार गांवांत उघडे. दूरच्या दप्तराचें दार साऱ्या जगाकडे उघडतें. तेरखेड्याचा शेतकरी ज्या दारानें आंत येतो, त्याच दारावर पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाचा भामटाही थाप मारूं शकतो. आंतील यंत्राला चेहरा दिसत नाहीं. त्याला दिसतो तो पासवर्ड, ओटीपी किंवा डिजिटल सही. ज्याच्या हातीं किल्ली तोच घरधनी, एवढाच त्याचा न्याय.

दुसरा भाग कारकुनाचा. सर्व्हरवरील प्रोग्रॅम हा एक आज्ञाधारक परंतु अडाणी कारकून आहे. अर्जाच्या नांवाच्या रकान्यांत कोणीं नांवाऐवजीं ‘सर्व खातीं काढून द्या’ असा मजकूर लिहिला, आणि कारकुनानें तो साहेबांचा हुकूम समजून पाळला, तर काय अनर्थ होईल? वेबवरील प्रोग्रॅम निष्काळजीपणें लिहिला असला तर हेंच घडतें. आलेला मजकूर कोणता आणि हुकूम कोणता, हा भेद त्याला करतां येत नाहीं. दुसरा तितकाच जुना दोष असा कीं, माणूस आपल्या अहवालाचा शंभर क्रमांक सांगून आंत येतो आणि मग एकशेंएक क्रमांक मागतो. कारकून तो काढून देतो, कारण ‘हा अहवाल तुमचाच काय?’ असें विचारावयास त्याला कोणीं शिकविलेलेंच नसतें. या चोरींत कुलूप फोडावें लागत नाहीं.

तिसरा भाग कोठाराचा. सगळें धान्य एका बळदांत भरलें म्हणजे मोजणें सोपें, राखणें सोपें, परंतु कीड लागली तर ती सगळ्याला लागते. वेबमुळें हजारों दप्तरें एका ठिकाणीं आलीं. त्याबरोबर हजारोंचें नुकसानही एका ठिकाणीं आलें.

या तिन्ही गोष्टी कल्पनेंतल्या नाहींत. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालीं स्थापन झालेली, महाराष्ट्रांतील नामांकित सहकारी बँक. तिच्यावर ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, घाला पडला. एटीएममधून कोणीं पैसे मागितले म्हणजे तें यंत्र बँकेला विचारतें, ‘या कार्डावर एवढी रक्कम द्यावी काय?’ बँकेचें मुख्य यंत्र खातें पाहून होकार वा नकार देतें. हल्लेखोरांनीं या दोहोंच्या मध्यें आपलें एक तोतयें यंत्र बसविलें. प्रश्न बँकेपर्यंत पोंचेनासे झाले आणि प्रत्येक प्रश्नाला तोतया ‘होय, द्या’ असें उत्तर देऊं लागला. नकली कार्डें घेतलेलीं माणसें २८ देशांतील एटीएमपुढें उभीं होतीं. कांहीं तासांतच परदेशांतून सुमारें ७८ कोटी आणि भारतांतून सुमारें अडीच कोटी रुपये निघून गेले. सोमवारीं, १३ ऑगस्टला, बँकेबँकेंतील स्विफ्ट या संदेशव्यवस्थेंतून आणखी सुमारें १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका बँकेकडे वळविण्यांत आले. एकूण सुमारें ९४ कोटींची ही लूट झाली. तिजोरीला कोणाचा हातही लागला नाहीं. २०२३ च्या एप्रिलमध्यें पुण्याच्या न्यायालयानें या प्रकरणांतील अकरा आरोपींस दोषी ठरविलें.

या घटनेचा बोध बँकेपुरता नाहीं. दूरच्या व्यवहारांत उत्तर मिळतें, परंतु उत्तर देणारा कोण हें दिसत नाहीं. सावकाराच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला निदान समोरचा माणूस सावकार आहे कीं नाहीं एवढें तरी कळत असे.

मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांत २०१७ च्या जून अखेरीस दुसरा अनुभव आला. नॉटपेट्या नांवाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला, त्यांत मर्स्क या जहाजकंपनीचीं यंत्रें निकामी झालीं आणि तिच्या ताब्यांतील बंदराचा भाग ठप्प झाला. हा रोग मूळ पसरला तो युक्रेनमधील कर भरण्याच्या एका प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीबरोबर. लोकांनीं विश्वासानें जी सुधारणा उतरवून घेतली, तिच्याच पोटांत विष होतें. औषधाच्या बाटलींतून विष यावें असाच हा प्रकार! तिसरा अनुभव अलीकडचा. २०२४ च्या जुलै अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर प्रोग्रॅमनें हल्ला केला. सहकारी व ग्रामीण मिळून सुमारें ३०० लहान बँका या एका कंपनीच्या यंत्रणेवर विसंबून होत्या. रोग पुढें जाऊं नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळानें तिचा संबंध तोडला, आणि त्या सर्व बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशीं संबंध पूर्ववत् झाला, परंतु एका कोठाराला कुलूप लागलें कीं किती घरांच्या चुली अडतात, हें देशाला दिसलें.

येथें तेरखेड्याच्या कारखान्यांकडे पुन्हां पाहावेंसें वाटतें. फटाक्यांच्या कारखान्याचे नियम असें सांगतात कीं, दारू मिसळण्याची खोली वेगळी असावी, भरण्याची वेगळी, तयार माल ठेवण्याची वेगळी. दोन खोल्यांमध्यें ठराविक अंतर असावें. एका खोलींत मोजकाच माल आणि मोजकींच माणसें असावीं. स्फोट होणारच नाहीं असें गृहीत धरून हे नियम केलेले नाहींत. झालाच तर तो एका खोलींत संपावा, म्हणून केलेले आहेत. जेथें हा नियम मोडला जातो तेथें एका ठिणगीनें अनेकांचे प्राण जातात. दूरच्या दप्तराला हाच न्याय लागू आहे. ज्या यंत्रावर अर्ज येतात त्यानेंच मूळ नोंदी बाळगूं नयेत. एका जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या किल्लीनें दुसऱ्या जिल्ह्याचें फडताळ उघडूं नये. नोंदींची एक प्रत अशा ठिकाणीं असावी कीं जेथवर इंटरनेटची तार पोंचतच नाहीं. बदल कोणीं, केव्हां व कोठून केला याची वही त्या बदल करणाऱ्याच्या हातीं असूं नये. हें सर्व खर्चाचें आहे आणि त्यानें काम थोडें मंदावतें. म्हणूनच तें टाळण्याचा मोह होतो, आणि दारूच्या दोन खोल्यांमधलें अंतर कमी करणाऱ्या मालकाला होतो तो मोहही याच जातीचा आहे.

जुन्या कागदांचें मोलही याच संबंधांत ध्यानांत येतें. २०२३ सालीं मराठवाड्यांतील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां निजामी काळांतील उर्दू आणि मोडी कागदपत्रांचे गठ्ठे पुन्हां सोडावे लागले. ते जाणणारे वाचक शोधावे लागले. ज्यांना रद्दी समजून कोपऱ्यांत टाकलें होतें, ते साक्षीदार म्हणून उभे राहिले. यंत्रांत नोंद गेली म्हणून मूळ कागद फेंकून देणें हें शहाणपणाचें नव्हे.

परंतु यंत्रें कितीही शहाणीं केलीं तरी एक जागा उघडी राहते, आणि ती खेड्यांत विशेष उघडी आहे. दूरच्या दप्तराची सारी रचना अशी कल्पना करते कीं, प्रत्येक माणसाजवळ त्याची स्वतःची किल्ली आहे. प्रत्यक्षांत काय असतें? सासूबाईंचें बँकखातें मुलाच्या मोबाइलशीं जोडलेलें असतें. आजोबांचा ओटीपी नातवाकडे येतो. ज्याला वाचतां येत नाहीं तो सेवा केंद्रावर जातो, ‘दादा, तूंच कर बाबा’ म्हणतो, आणि आधार क्रमांक, अंगठा व ओटीपी हे तिन्ही त्या दादाच्या स्वाधीन करतो. बहुतेक दादा प्रामाणिकच असतात, आणि त्यांच्यावांचून गांवाचें काम अडेल. तथापि किल्ली उसन्या हातांत राहिली हें खरें. अधिकाऱ्याच्या बाबतींतही हेंच. त्याची डिजिटल सही एका लहानशा टोकनमध्यें असते. कामाचा बोजा वाढला म्हणून त्यानें तें टोकन मदतनीसाजवळ दिलें, तर फेरफाराच्या नोंदीखालीं सही अधिकाऱ्याची आणि इच्छा मात्र दुसऱ्याची, असा प्रकार घडावयास वेळ लागणार नाहीं. शाईच्या सहींत निदान हात कोणाचा हें अक्षरावरून ओळखतां येई. या सहींत तेवढीही सोय नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें मात्र ती खरीच सही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें तिला मान्यता दिलेली आहे.

तेव्हां राखण दोघांनीं करावयाची आहे. राज्यकर्त्यांचें कर्तव्य उघड आहे. संकटाची वार्ता दडपून ठेवूं नये, म्हणून सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनें २०२२ च्या एप्रिलमध्यें असा आदेश काढला कीं, संगणकीय हल्ला कळतांच सहा तासांच्या आंत तिला तो कळवावा. २०२३ सालीं नागरिकांच्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें संमत केला. नियम कागदावर चांगले आहेत. त्यांची कसोटी मात्र तालुक्याच्या कचेरींत लागते.

नागरिकाचें कर्तव्य लहान असलें तरी हलकें नाहीं. ज्याची जमीन आहे त्यानें वर्षांतून एकदां तरी डिजिटल सहीचा उतारा काढून गेल्या वर्षीच्या उताऱ्याशीं ओळ न् ओळ ताडून पाहावा: क्षेत्र तेंच आहे काय, इतर हक्कांत कोणाचा बोजा नव्यानें चढला आहे काय? उताऱ्यावर पडताळणीचा क्रमांक असतो. कोणीं छापील उतारा आणून दाखविला तर त्या क्रमांकानें तो खरा कीं खोटा हें संकेतस्थळावर पाहतां येतें. फेरफार मंजूर होण्यापूर्वीं हरकतीसाठीं पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि ‘आपली चावडी’ या ऑनलाइन फलकावर ती गांवाच्या नांवानें पाहतां येते. पूर्वीं चावडीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कानावर अशी वार्ता आपोआप येई. आतां ती मुद्दाम जाऊन पाहावी लागते. शहरांत राहणाऱ्या मुलानें गांवाकडील आईवडिलांसाठीं एवढें जरी नेमानें केलें तरी तें मनिऑर्डरीइतकेंच उपयोगी पडेल. ओटीपी कोणालाही सांगूं नये हें तर सर्वश्रुत आहे. पण सेवा केंद्रावर काम करून घेतांना तो स्वतः पाहून, काम काय चाललें आहे हें विचारून, मगच सांगावा, आणि काम संपल्यावर पावती मागून घ्यावी. पैशांची फसवणूक झालीच तर संकोच न धरतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. पहिल्या कांहीं तासांत पैसा वाटेंतच अडविण्याची आशा अधिक असते.

दप्तर परत गांवांत येणार नाहीं, आणि तें यावें अशी इच्छा धरण्याचेंही कारण नाहीं. कागदाच्या दप्तरानें ज्यांच्यावर अन्याय केला त्यांची संख्या थोडी नव्हती. परंतु दप्तर दूर गेलें म्हणून त्यावरील मालकी दूर गेली असें समजणें ही मोठी चूक होईल. पूर्वीं दप्तराची राखण तलाठी करीत असे आणि तलाठ्याची राखण गांव करीत असे. आतां पहिल्या राखणीला यंत्रें आणि तज्ज्ञ आहेत. दुसरी मात्र कोणींच पत्करलेली नाहीं. ज्यांना लिहितांवाचतां येतें, ज्यांच्या हातांत मोबाइल आहे, आणि ज्यांचें मूळ कोणत्या ना कोणत्या गांवांत रुजलेलें आहे, त्यांनीं ती पत्करावी. कारण पाहणारा डोळा नसला म्हणजे सर्वांत मजबूत कुलूपही केवळ शोभेचें ठरतें.